चिखलदऱ्याचा घाट आणि गिअरबॉक्सचं तेल

मे महिन्यात अमरावतीहून पहाटेच निघायला हवं. आम्ही निघालो अकराला, तेही गिला वडा खाऊन. परतवाडा साधारण 50 किलोमीटर, तिथवर आमची ऑटोमॅटिक गाडी लोण्यासारखी. घाट लागला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर इंजिन नुसतं गुरगुरायला लागलं. पाय दाबावा तर आवाज वाढे, गाडी पुढं सरकेना.

कडेला सावलीत तासभर थांबलो. मग लिव्हर ‘एल’वर, म्हणजे सर्वांत खालच्या गिअरवर, टाकून हळूहळू परतवाड्याला उतरलो.

मिस्त्रीनं पहिला प्रश्न विचारला, “बंद गाडीत पाह्यलं असन तेल?” खरंच होतं. घरून निघताना इंजिन ऑईल बघतो तसंच, थंड गाडीत, गिअरबॉक्सचं तेलही बघितलं होतं. खुणेपर्यंत दिसलं, म्हणून खूश. “बंद केली का तेल खाली बसते न भाऊ. मंग कमी असलं तरी भरेल दिसते.”

त्यानं गाडी सपाट जागी घेतली, आधी एक चक्कर मारून गरम केली. हँडब्रेक ओढला, ब्रेकवर पाय ठेवून पी, आर, एन, डी असं लिव्हर फिरवून परत पी वर आणलं. इंजिन चालूच. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढली, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसली, पूर्ण आत घालून परत काढली. तेल गरमच्या खालच्या खुणेच्याही खाली! रंग तांबूस-तपकिरी, वास किंचित करपल्यासारखा. रेडिएटरकडं जाणाऱ्या नळीच्या जोडाशी लाल ओल होती, तिथून गळत होतं.

तेल कुठलं टाकायचं ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. “सगळे लालच असते” म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. आमचा ग्रेड परतवाड्यात मिळाला नाही, डबा अमरावतीहून एसटीनं आला. त्यातच मुक्काम पडला. म्हणून एक लिटर आणि लांब नळीचं नरसाळं डिकीत असू द्या. तेल टाकताना थोडं थोडं, दरवेळी मोजून. जास्त झालं तर फेस येतो आणि गाडी तशीच नुसती गुरगुरते, पुढं सरकत नाही. गुलाबी दुधासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, ती गाडी घाटात नेऊच नका.

काही कंपन्या मात्र इंजिन बंद करून लगेच बघायला सांगतात. बऱ्याच नव्या गाड्यांना ही डिपस्टिक नसतेच, ते काम वर्कशॉपचं. एएमटीवाल्यांनी यातलं काहीच मनावर घेऊ नये, तिचा गिअरबॉक्स साध्या गाडीसारखाच, फक्त गिअर आपोआप बदलतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो. चढणीवर लिव्हर ‘2’वर, एसी बंद, खिडक्या उघड्या. चिखलदऱ्याच्या भीमकुंडाजवळ पोचलो तेव्हा गाडीखाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी होती.