जुन्या घराला सिमेंट लावू नका

आज ठाण्यात एका जुन्या घराच्या ओल्या भिंती पाहिल्या. असं घर संग्रहालय म्हणून जपायचं, तर आधी सिमेंटचा गिलावा थांबवा. सिमेंट ओल आत कोंडतं; मग क्षार फुलतात, विटांचा भुगा होतो. त्याऐवजी चुन्याचा गिलावा करा: एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू. खाडीची नकोच, तिच्यात मीठ असतं. भिंत आधी भिजवा, थर १० मिलिमीटरच्या आत, नंतर आठवडाभर ओलं गोणपाट. उन्हात वाळवायची घाई केली की तडे जातातच.

आणि अशा संग्रहालयाला वस्तू द्या! रेमंडची कापड गिरणी इथे १९२५ पासून होती. कितीतरी घरांत धोटे (मागावर आडवा धागा नेणारे), बॉबिन (धाग्याची रिळं), हजेरीकार्डं पडून असतील. कोणाची, कोणत्या खात्यातली, ते वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहा. कार्डं लॅमिनेट मात्र करू नका, ते नंतर सुटत नाही.