‘भूत खरे की मनातले, ते लेखी द्या’

आमच्या चित्रपटाचा विषय चकवा. भंडारा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. रात्री धानाच्या बांध्यांमधून घराकडे निघालेला माणूस पहाटेपर्यंत चालत राहतो आणि उजाडते तेव्हा निघाला त्याच मोहाच्या झाडाखाली उभा असतो. आमच्या कथेतील शिक्षिकेला चकवा तलावाच्या पाळीवर लागतो. तिला खरोखरच कोणी फिरवते आहे की तिचे मनच तिला फिरवते आहे, हे शेवटपर्यंत कळू द्यायचे नाही, या एका गोष्टीसाठी आम्ही दीड वर्ष पटकथा घासली. पैसे जमले, नागपूरहून कॅमेरा भाड्याने ठरला. अडलो ते एका पत्रापाशी.

मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या, तलावालगतचा एक जुना, बंद पडलेला विश्रामबंगला आम्हाला चार रात्रींसाठी हवा होता. तो ज्या खात्याच्या ताब्यात आहे, त्याच्या कार्यालयात मी सप्टेंबरच्या आरंभी अर्ज दिला आणि विषयात ‘भयपटाच्या चित्रीकरणासाठी’ असे लिहिले. ही माझी चूक. अशी परवानगी मागायची झाली, तर तुम्ही ‘मराठी चित्रपटाच्या’ एवढेच लिहा. तेथील बाबूंनी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा काढला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोरीने वा साखळीने बांधून मारहाण करणे, ही त्याच्या अनुसूचीतील पहिलीच बाब आहे आणि आमच्या पटकथेतील भगत शिक्षिकेला दोरीने बांधतो, हेही खरे. मारहाण करणे वेगळे आणि ती दाखवणे वेगळे, असे मी परोपरीने सांगितले. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, ‘ते ठीक आहे, पण भूत खरं आहे की तिच्या मनातलं? तेवढं लेखी द्या.’

जे उत्तर आम्ही दीड वर्ष प्रेक्षकापासून लपवत होतो, ते त्यांना कागदावर हवे होते. ‘याबाबत संदिग्धता ठेवली आहे’ हे माझे पहिले पत्र ‘खुलासा अस्पष्ट’ असा शेरा घेऊन परत आले. दुसऱ्या पत्राला मी जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांच्या 2009 मधील प्रयोगाची माहिती जोडली. ढगाळ दिवशी, सूर्य दिसत नसताना जंगलात सोडलेली माणसे आपण सरळ चाललो आहोत या समजुतीत गोल फिरत होती. बाबू म्हणाले, ‘म्हणजे भूत नाही. मग तसंच लिहा ना सरळ!’ त्यानंतर साहेब कधी बैठकीला, कधी दौऱ्यावर, आणि बाबू रजेवर. सातव्या खेपेला ‘चित्रपटातील भूत हा पात्राच्या मनाचा भ्रम आहे’ असे प्रतिज्ञापत्र मी निमूटपणे दिले. माझा सहलेखक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

परवानगीपत्र हाती आले तेव्हा दिवाळी उलटून झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातील नाटकांचा, हंगाम सुरू झाला होता. आमची नायिका आणि भगत हे दोघेही त्या रंगभूमीचे कलावंत. होळीपर्यंत त्यांच्या रात्री गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या एका नाट्यमंडळाकडे बांधलेल्या होत्या आणि रात्रभर नाटक करून आलेल्या माणसाला दिवसा कॅमेऱ्यापुढे उभे करणे मला पटेना. चित्रीकरण होळीनंतर झाले. तोवर तलावाचे पाणी पाळीपासून दूर गेले होते, म्हणून पाण्यातील प्रतिबिंबाचा प्रसंग भेगाळलेल्या गाळावर घ्यावा लागला. तोच आता सर्वांत चांगला वाटतो, पण त्याचे श्रेय त्या कार्यालयाला देण्याची माझी तयारी नाही.

अर्ज देताच आवक क्रमांकासह पोच मागून घ्यावी, हे आधीच सांगायला हवे होते. तसेच रात्रीचा आवाज टिपायचा असेल, तर शेतीच्या थ्री फेज लाइनच्या वेळा लाइनमनला विचारून ठेवा. आमच्या सर्वांत नि:शब्द प्रसंगाच्या मध्येच लाइन आली आणि उन्हाळी धानाला पाणी देणाऱ्या साऱ्या मोटारी एकदम सुरू झाल्या. सेन्सॉरचे प्रमाणपत्र ‘यूए 13+’ असे विनासायास मिळाले.

परवानगीपत्रातील सातवी अट मात्र अजून माझ्या डोक्यावर आहे: ‘चित्रीकरणानंतर सदर वास्तूत भूत असल्याची अफवा पसरल्यास अर्जदार जबाबदार राहील.’ तिला मुदत घातलेली नाही.