सात हजारांच्या आत मुस्तफा

घरी आर्केड मशीन, म्हणजे पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायचं ते व्हिडिओ गेमचं मशीन, करायचं म्हटलं की बहुतेकांचा पहिला खर्च लाकडावर होतो. नवी प्लाय, वर सनमायका, कडेला पट्टी, आतून दिवे. मग जॉयस्टिक घ्यायची वेळ येते तेव्हा खिशात काही उरत नाही आणि सगळ्यात स्वस्त किट मागवलं जातं. मी ठरवून उलटं केलं. जे हाताला लागतं ते नवं आणि बऱ्यापैकी, जे डोळ्याला दिसतं ते सेकंडहँड, आणि बाकी सगळं भंगार. सात हजारांची मर्यादा मी घालून घेतली नव्हती; दिवाळीच्या बोनसमधून फ्रिजचा हप्ता आणि मुलाची क्लासची फी गेल्यावर तेवढेच उरले होते.

खेळ कुठला हा प्रश्नच नव्हता. मुस्तफा. कॅपकॉमने 1993 साली काढलेल्या या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण आमच्या कराडला ते कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. चार खेळाडूंपैकी पिवळ्या टोपीवाला मुस्तफा सगळ्यांत चपळ, म्हणून गेमलाच त्याचं नाव पडलं. पार्लर म्हणजे पत्र्याच्या शेडमधली चार मशीनं, एक पंखा आणि कॉइन सुटे करून देणारे काका. तिथे मुली जायच्या नाहीत. तशी पाटी वगैरे नव्हती, पण जायच्या नाहीत. मला मात्र रोज संध्याकाळी तिथे जावं लागायचं, कारण दादाला जेवायला बोलावणं हे माझं काम होतं. तो “ही लाइफ संपू दे” म्हणायचा आणि मी दारात उभी राहून बघायचे. कुठल्या पिंपात खाणं निघतं, कुठल्या बॉसला कोपऱ्यात घ्यायचं, मला सगळं पाठ. हात मात्र एकदाही लावलेला नव्हता.

तर मशीन.

आधी संगणक. सगळे सांगतात रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्या. पण पाय, त्याचं अडॅप्टर, कार्ड आणि केस धरून माझं बजेट तिथेच संपलं असतं. त्याऐवजी एका ऑफिसने काढून टाकलेला आय-थ्री तिसऱ्या जनरेशनचा छोटा डेस्कटॉप 2,100 रुपयांत मिळाला, हार्ड डिस्क नसलेला. हार्ड डिस्क लागतही नाही. बाटोसेरा नावाची मोफत लिनक्स सिस्टिम पेनड्राइव्हवर टाकली की मशीन त्यावरूनच सुरू होतं आणि थेट गेमची यादी समोर येते. नव्वदच्या दशकातल्या पार्लर मशीनमधल्या गेम-बोर्डांची नक्कल करायला हा संगणक पुरून उरतो. या सगळ्याच्या मुळाशी असलेला, ही नक्कल करणारा मेम हा प्रोग्राम 1997 सालचा, म्हणजे पेंटियमच्या जमान्यातला आहे.

गेमच्या फाइलींबद्दल एवढंच सांगते की त्या कॉपीराइटखाली असतात आणि नेटवर पडलेल्या म्हणजे फुकटच्या असं नसतं. मेमच्या स्वतःच्या साइटवर ‘ग्रिडली’, ‘रॉबी रोटो’ असे काही जुने गेम मालकांच्या परवानगीने ठेवलेले आहेत. जोडणी तपासायला ते उत्तम. कॅपकॉम आणि एसएनके या कंपन्यांचे बरेच जुने गेम आता रीतसर विकतही मिळतात.

मॉनिटर पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणला. रविवारी सकाळी गेलात तर लावून दाखवतात. लावून दाखवायला कुरकुर करणाऱ्याकडून घेऊ नये. मला मुद्दाम जुना चौकोनी 19 इंची हवा होता. आता तो कुणाला नको असतो, म्हणून 900 रुपयांत मिळाला, आणि आर्केडसाठी तोच योग्य. जुने गेम 4:3 पडद्यासाठी बनलेले. या मॉनिटरवर 1280 बाय 1024 ठिपके असतात, त्यात 1280 बाय 960 चं चित्र बसतं आणि वर-खाली बारीकशी काळी पट्टी उरते. नव्या लांबट स्क्रीनवर दोन्ही बाजूंना रुंद काळे पट्टे तरी येतात, नाहीतर चित्र ताणलं जाऊन सगळेच ढेरपोटे दिसतात. मुस्तफाच्या बोर्डवर चित्र 384 बाय 224 असतं, म्हणजे मुळातच 4:3 पेक्षा बरंच आडवं. पार्लरच्या मशीनमधली, जुन्या टीव्हीसारखी ट्यूब ते दाबून बसवायची. सेटिंगमध्ये ‘चौकोनी पिक्सेल’ चालू राहिलं तर मुस्तफा हमखास जाड होतो.

या स्वस्त मॉनिटरची एक खोड आहे. समोरून बघितलं तर चित्र ठीक, खालून बघितलं की काळवंडतं आणि रंग उलटेपालटे होतात. मॉनिटर सरळ उभा बसवला असता तर माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला काहीच धड दिसलं नसतं. म्हणून त्याला आणि मला आळीपाळीने समोर उभं करून, मॉनिटरमागे वह्यांची चळत कमी-जास्त करत तिरकेपणा ठरवला. दोघांनाही चालेल असा कोन मिळाला तेव्हा कुठे सुताराला माप दिलं.

संपूर्ण उंचीचं कॅबिनेट करायचं म्हणजे आठ बाय चारच्या दोन प्लाय तरी लागल्या असत्या. आमच्या घरात सासूबाईंच्या शिलाई मशीनचं लोखंडी स्टँड गॅलरीत पडून होतं. वरचं मशीन जाम झालंय, ते कपाटात आहे. स्टँडची उंची जेवणाच्या टेबलाएवढी, ओतीव लोखंडाचं, दोन माणसांनी अंगावर रेलून खेळलं तरी हलणार नाही. त्यावर फक्त वरचा खोका बसवला. खोक्याला आमच्याच किचन ट्रॉलीची काढलेली शटर्स वापरली. ट्रॉलीवाल्याने ती फुकट न्यायला हात पुढे केला होता, तेव्हाच मी बाजूला ठेवली होती.

सुतारकाकांनी कापून देण्याचे पाचशे घेतले. “ताई, हे देवघर आहे की टीव्हीचं कपाट?” असं त्यांनी विचारलं. गेमचं आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. तेही खेळलेले निघाले, मिरजेला.

आता जिथे खरे पैसे गेले ते: दोन माणसांचं किट, 2,400 रुपये. दोन जॉयस्टिक, वीस बटणं, दोन यूएसबी बोर्ड, वायरी. यापेक्षा हजारभर स्वस्त किटं मिळतात. पण एका ओळखीच्याकडे तसलं हाताळून बघितलं होतं. बटण एका बाजूने दाबलं की अडकायचं. मुस्तफात दोनच बटणं, एक मारायचं आणि एक उडीचं, आणि दोन्ही एकदम दाबली की स्वतःची थोडी लाइफ देऊन आजूबाजूचे सगळे आडवे करायचे. ते ‘एकदम’ चुकलं तर खेळण्यात मजाच नाही. फायटिंगच्या गेमांना सहा लागतात, तीन बुक्क्यांची, तीन लाथांची. म्हणून माणशी सहा, एक स्टार्ट, एक कॉइन. उरलेली चार डब्यात आहेत, तुटलं तर हाताशी.

जॉयस्टिक लावण्याआधी उलटी करून बघा, पाच मिनिटं जातील पण पुढचा घोळ वाचेल. खाली चौकोनात चार मायक्रोस्विच असतात, मध्ये दांड्याचं खालचं टोक. दांडा मध्ये टेकलेला असल्यामुळे वरून उजवीकडे नेला की खालचं टोक डावीकडे जातं आणि डावीकडचा स्विच दाबतं. म्हणजे ‘उजवीकडे’ची वायर डाव्या स्विचला. वर आणि खाली यांचंही तसंच. कोपऱ्यात नेला की शेजारचे दोन स्विच एकदम लागतात, तिरकी चाल म्हणजे तेवढंच. कान लावला तर दोन टिक-टिक ऐकू येतात. एकच आली तर तो स्विच थोडा सैल आहे, स्क्रू आवळायचा. खाली एक प्लॅस्टिकची पट्टी असते, ती फिरवली की कोपरे बंद होऊन चारच दिशा राहतात. पॅकमॅनसारख्या गेमला तसंच लागतं, नाहीतर वळणावर दांडा तिरका जातो आणि गडी भिंतीला टेकून थांबतो. मी आठ दिशांवरच ठेवली. घरात पॅकमॅन कुणी मागितला नाही.

या जॉयस्टिक पातळ पत्र्याच्या पॅनेलसाठी बनवलेल्या असतात. बारा एमएमच्या प्लायला खालून लावल्या तर दांड्याची उंची लाकडातच जाते आणि वर पकडायला गोळाच उरतो. सुतारकाकांनी तेवढ्या चौकोनात पटाशीने खालून निम्मी जाडी उतरवून दिली. बटणं घेताना खाली नट आवळायचा असतो तीच घ्यायची. नुसती खटकन बसणारी जाड प्लायमध्ये धरत नाहीत. भोकं तीस एमएमच्या होल सॉने पाडली, 180 रुपयांचा. आधी वर्तमानपत्रावर हात ठेवून बोटांच्या जागा आखल्या, मग कागद प्लायवर चिकटवून खिळ्याने खुणा केल्या. नेटवर तयार नकाशे मिळतात, पण ते मोठ्या पुरुषी पंजाचे वाटले मला. माझी बटणं थोडी जवळ आहेत. दादा कुरकुरतो.

वायरिंग वाटतं त्यापेक्षा सोपं आहे: प्रत्येक बटणाला दोन टोकं, बोर्डावर दोन पिनांचं सॉकेट, सोल्डरिंग अजिबात नाही. पार्लरच्या मशीनमध्येही अशीच सोय होती. जामा नावाची 56 टोकांची एकच पट्टी 1985 च्या सुमारास जपानी उत्पादकांनी ठरवून घेतली, त्यामुळे खोका तोच ठेवून आतला बोर्ड बदलला की नवा गेम. आमचे काका दर काही महिन्यांनी मागचं दार उघडून काहीतरी करायचे आणि दुसऱ्या दिवशी गर्दी व्हायची, ते हेच. माझ्याकडचे दोन्ही यूएसबी बोर्ड एकाच नावाचे असल्यामुळे संगणकाला ते जुळे वाटतात. पोर्ट बदलला की पहिला खेळाडू दुसरा होतो. मी दोन्ही वायरींना आणि पोर्टना नेलपेंट लावलंय, लाल आणि गुलाबी.

एक गोष्ट मात्र मी ठाम सांगेन: जुन्या टीव्हीची ट्यूब उघडून आत बसवायच्या भानगडीत पडू नका. चित्र त्यावर सुंदर दिसतं हे खरं, पण आत वीस हजार व्होल्टच्या वर काम चालतं आणि प्लग काढल्यावरही ट्यूब धक्का देऊ शकते. ज्याला ते काम येतं त्यानेच करावं.

समोर काच 220 ची, पट्ट्यांनी अडकवलेली. लांबी, पॉलिश पेपर आणि रंगाची छोटी डबी मिळून 150. पेनड्राइव्ह 350. स्पीकर घरातले जुने. वरच्या पाटीसाठी फ्लेक्सवाल्याकडे गेले. “माई व्हिडिओ गेम” एवढंच लिहायचं होतं, सासूबाईंच्या स्टँडला मान म्हणून. त्याने डिझाइन उघडून सवयीने विचारलं, “खाली शुभेच्छुक कोण टाकू?” त्याचे शंभर धरून एकूण 6,900. उरलेल्या शंभराची पाणीपुरी झाली.

आता कॉइनचं. कॉइनचं बटण उघड्यावर असलं की गेमची मजाच जाते. मुलाने आणि त्याच्या मित्रांनी पहिल्याच संध्याकाळी बटण दाबत दाबत मुस्तफा शेवटपर्यंत नेला आणि “झाला” म्हणून उठले. बॉसला घाबरायला कॉइन मोजकं असावं लागतं. म्हणून ते बटण पॅनेलवरून काढून मागच्या बाजूला नेलंय, आणि स्टीलच्या डब्यात प्रत्येकी तीन एक-रुपयाची नाणी. नाणं माईंच्या हातात द्यायचं, मग त्या हात मागे घालून बटण दाबतात. त्यांना खेळात रस नाही, पण हा अधिकार त्यांना आवडलेला दिसतो.

परवा दादा आला होता. त्याने मला मुस्तफा दिला, स्वतः जॅक घेतला. मला वाटलं होतं तेवढी मी वाईट नाही, पण पाठ असणं आणि हाताला येणं यात बराच फरक आहे. उडी मारून लाथ घालायची तर माझी दोन्ही बटणं एकदम दाबली जायची आणि फुकट लाइफ जायची. दादाची तिन्ही नाणी माझ्या आधी संपली. बॉसची निम्मी लाइफ उरली होती आणि पडद्यावर उलटे आकडे सुरू झाले होते. तो माईंकडे वळून म्हणाला, “माई, एक उधार. पटकन.”

माई म्हणाल्या, “आधी माझं मशीन दुरुस्त करून ह्या स्टँडवर परत कधी बसवताय ते सांगा. उशांच्या खोळी राहिल्यात.”

तोवर आकडे शून्यावर आले.