मर्टल अव्हेन्यू, हीथ्रो: उतरणारी विमानं टिपायला जाताना

लंडनमध्ये मोकळी दुपार हाताशी असेल आणि विमानांचे फोटो काढायचे असतील तर मर्टल अव्हेन्यूसारखी जागा नाही. पण नुसती जागा माहीत असून भागत नाही. ही गल्ली हीथ्रोच्या दक्षिणेकडच्या धावपट्टीच्या पूर्व टोकाजवळ आहे. ती धावपट्टी उतरण्यासाठी चालू असली तर दर दीड मिनिटाला एक विमान समोरून जातं. नसली तर तीच विमानं जवळपास दीड किलोमीटर पलीकडे उत्तरेच्या धावपट्टीवर उतरताना पाहत बसावं लागतं.

म्हणून आधी वारा बघायचा. पश्चिमेचा असला की विमानं पूर्वेकडून, लंडन शहराच्या बाजूनं येऊन उतरतात, आणि वर्षातले बहुतेक दिवस असेच असतात. वारा पूर्वेचा झाला की सगळं उलटतं. विमानं विंडसरच्या बाजूनं उतरतात आणि मर्टल अव्हेन्यूवर फक्त उड्डाण करून बरीच वर गेलेली पोटं दिसतात. अशा दिवशी इथे येण्यात अर्थ नाही.

वारा जमला की तक्ता बघायचा. आजूबाजूच्या रहिवाशांना आवाजापासून अर्धा दिवस तरी सुटका मिळावी म्हणून पश्चिमेच्या वाऱ्यात दुपारी ३ वाजता धावपट्ट्यांची अदलाबदल होते. एका आठवड्यात सकाळी दक्षिणेच्या धावपट्टीवर (विमानं बघत फिरणारी हौशी स्पॉटर मंडळी तिला २७एल म्हणतात) उतरतात आणि ३ नंतर उत्तरेच्या २७आरवर. पुढच्या सोमवारपासून बरोबर उलट. वर्षभराचा तक्ता विमानतळाच्या संकेतस्थळावर मिळतो.

आम्ही ३ नंतर २७एल असलेला आठवडा धरला, तो उजेडासाठी. इथे आपण विमानांच्या दक्षिणेला उभे असतो, त्यामुळे दिवसाचा बराचसा वेळ सूर्य पाठीशी राहतो. पण विमानाचं नाक पश्चिमेकडे असतं. सकाळी ऊन मागून येतं, शेपूट उजळते आणि नाक, कॉकपिटच्या काचा काळपट राहतात. दुपारनंतर तेच ऊन थेट नाकावर पडतं. सकाळच्या आठवड्याचाही एक फायदा आहे: आशियातून येणारी लांब पल्ल्याची मोठी विमानं पहाटेपासून रांगेनं येतात. ज्यांना फक्त ए३८० (एअरबसची दुमजली विमानं) हवी आहेत त्यांनी सकाळ घ्यावी. जूनमध्ये मात्र एक मेख आहे. भल्या सकाळी आणि संध्याकाळी सहानंतर सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, त्यामुळे आपल्याकडची बाजू सावलीत जाते. जम्बो जेटच्या आशेनं येणाऱ्यांसाठी: ब्रिटिश एअरवेजनं आपली ७४७ विमानं २०२० मध्येच निवृत्त केली.

जायला लंडनच्या मेट्रोची पिकॅडिली लाइन. हॅटन क्रॉसला उतरायचं. मध्य लंडनहून साधारण पाऊण तास लागतो, टर्मिनल २ आणि ३ च्या स्टेशनवरून तर पुढचंच स्टेशन. तिथून दहा-एक मिनिटं चालत. मर्टल अव्हेन्यू ही साधी घरांची गल्ली आहे आणि तिच्या टोकाला गवताचा मोकळा तुकडा. गाडी आणू नका, लोकांच्या दारात लावण्यावरून कुरबुरी होतात. मैदानात स्वच्छतागृह नाही, पाणी नाही, छप्पर नाही. पाऊस पडून गेला असेल तर गवतात बूट भिजतात. तरी पाऊस देऊन ढग पुढे सरकल्यानंतरचाच दिवस निवडा, हवा धुऊन निघालेली असते.

लेन्सच्या बाबतीत बहुतेक जण गरजेपेक्षा लांबची घेऊन येतात. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ७०-२०० मिलिमीटरच्या लेन्सनं ए३२० हे लहान प्रवासी विमान मस्त बसतं, ते साडेसदतीस मीटरचं. ए३८० जवळपास ७३ मीटर लांब. ते बरोबर समोर आलं की ७० लासुद्धा नाक नाही तर शेपूट कापली जाते. एकच लेन्स न्यायची तर २४-१०५ घ्या. लांबून तोंडावर येणारं विमान हवं असेल तर १००-४०० सोबत ठेवा.

शटर १/१००० च्या आसपास, छिद्र (लेन्सचं अ‍ॅपर्चर) एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) उजेडाप्रमाणे. फोकस सतत पाठलाग करणारा ठेवा आणि बिंदू खिडक्यांच्या ओळीवर किंवा विमान कंपनीच्या नावावर धरा. कोऱ्या पांढऱ्या पत्र्यावर धरला तर फोकसला पकडायला काहीच मिळत नाही आणि तो मागे-पुढे भटकतो. आभाळ पांढरट असेल तर एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा, कारण कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर सगळ्या पांढऱ्याला करडं करायला बघतो आणि विमानाचं पोट काळं पडतं. निळ्या आकाशात उन्हातलं पांढरं विमान असेल तर वाढवू नका, उलट हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आपटत नाही ना ते पाहा. नवख्यांचा हमखास घोळ म्हणजे विमान लांब ठिपका असल्यापासून बटण दाबून धरणं. रॉ (न दाबलेल्या, मोठ्या) फाइलींनी बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतो आणि ऐन समोर आल्यावर कॅमेरा थांबतो. थोडे थोडे फोटो घ्या आणि खरा मारा बाजू समोर येईल तेव्हासाठी राखा.

उन्हाळ्यात दूरवर धावपट्टीकडे रोखलेले फोटो घरी येऊन पाहिले की पाण्याखालून काढल्यासारखे लहरी दिसतात. तो तापलेल्या हवेचा परिणाम असतो, लेन्सचा दोष नाही, आणि कोणत्याही सॉफ्टवेअरनं तो नीट होत नाही. जवळचंच टिपा.

मोठं विमान गेल्यावर कॅमेरा लगेच खाली ठेवू नका. काही सेकंदांनी डोक्यावरच्या रिकाम्या हवेत सप्पकन चाबूक ओढल्यासारखा आवाज येतो. पंखांच्या टोकांपासून सुटलेले भोवरे खाली उतरत असतात. त्यांनी जवळच्या घरांची कौलं उडतात, म्हणून विमानतळ छपरं पक्की करून देण्याची योजना चालवतो. दमट दिवशी हेच भोवरे पांढऱ्या दोरीसारखे दिसतात आणि गडद ढगासमोर सुरेख येतात.

सार्वजनिक जागेतून फोटो काढायला ब्रिटनमध्ये मनाई नाही. पोलिसांनी विचारलं तर शांतपणे सांगावं, ओळखपत्र जवळ असावं. ड्रोन मात्र अजिबात नाही.

तक्ता जुळला नाही तर उत्तरेला बाथ रोडवर रेनेसाँ हॉटेल आहे. तिथल्या धावपट्टीकडच्या खोल्यांतून २७आर समोर दिसते. मात्र तोंड दक्षिणेला, म्हणजे बहुतेक वेळ उजेड समोरून. खोलीतले दिवे बंद करून लेन्सवरचं रबरी हूड (आडोसा) काचेला टेकवा, नाहीतर स्वतःचंच प्रतिबिंब येतं.

मुंबईहून येताना खिडकी उजवीकडची घ्या. पश्चिमेचा वारा असेल तर उतरताना थेम्स आणि मध्य लंडन त्याच बाजूला येतं. पंखाच्या पुढची जागा बरी, मागे इंजिनाच्या गरम हवेनं चित्र थरथरतं. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा, खिडकीच्या प्लॅस्टिकमधून त्यानं इंद्रधनुष्यी पट्टे उठतात. लेन्स काचेच्या जवळ धरा, पण टेकवू नका, विमानाची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. प्रवास पुणे किंवा दाबोळीहून सुरू होत असेल तर हे दोन्ही लष्करी तळ आहेत, तिथे उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी कॅमेरा बॅगेतच राहू द्या.