गुडघेदुखीवाल्या आत्याबरोबर बाड गास्टाइन

ऑस्ट्रियाच्या आल्प्समधलं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव बाड गास्टाइन, तिथला दिवस नुसता नकाशा बघून आखू नये. नकाशात रेल्वे स्टेशन, धबधबा, जुनी हॉटेलं, गरम पाण्याचं स्नानगृह सगळं एकमेकांना चिकटलेलं दिसतं. प्रत्यक्षात गाव डोंगराच्या उतारावर उभं रचलेलं आहे. स्टेशन वर, धबधब्याचा पूल खाली, आणि मधे जिने नाहीतर वळणावळणाचा रस्ता. माझ्याबरोबर होती अडुसष्ट वर्षांची आत्या, दोन्ही गुडघ्यांनी कुरकुरणारी. गुडघेदुखीला चढापेक्षा उतार जास्त छळतो हे घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे. म्हणून मी एकच ठरवलं होतं: वरखाली करायचं ते यंत्रानं, पायांनी फक्त सपाटी, आणि पाण्यात उतरायचं ते सगळ्यात शेवटी.

जागा निवडली आत्यानेच. तिचं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. आरवली, तुरळ, राजवाडी इथल्या गरम पाण्याच्या कुंडांत लहानपण गेलेलं. "तुमच्या युरोपात राजवाडे किती बघायचे? गरम पाणी आहे का कुठे?" असं तिनं साल्झबुर्गला पोचल्या पोचल्या विचारलं. आहे, आणि तेही सरळ आगगाडीने दीडेक तासावर.

सकाळची पहिली बरी गाडी पकडली. श्वार्त्साख स्टेशनपर्यंत रेल्वे साल्झाख नदीच्या खोऱ्यातून जाते, तिथून दक्षिणेला वळून गास्टाइनच्या खोऱ्यात चढायला लागते. १९०५ साली रूळ बाड गास्टाइनपर्यंत आले आणि १९०९ मध्ये पुढचा टाउअर्न बोगदा सुरू झाला. हॉफगास्टाइनच्या पुढे डाव्या हाताची खिडकी धरा. गाडी डोंगराच्या कुशीतून वर सरकत असते आणि खाली हिरवं खोरं लांबत जातं. आत्या खिडकीला नाक लावून बसली होती, डब्यातले लाडू तसेच राहिले.

उतरल्यावर गावाकडे न जाता आधी श्टुबनरकोगेल या डोंगरावर जाणाऱ्या केबलकारकडे गेलो. तिचं खालचं ठाणं स्टेशनाजवळच आहे. हे सकाळी उरकण्याचं कारण साधं: आल्प्समध्ये उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमतात, गडगडाट होतो, आणि मग वर जाऊन नुसतं धुकं बघावं लागतं. शिखर २२४६ मीटर. जूनचा शेवट होता तरी सावलीच्या बाजूला बर्फाचे मळकट पट्टे पडलेले. वर १४० मीटर लांबीचा झुलता पूल आहे, माणसाच्या पाठीमागे माणूस जाईल एवढ्याच रुंदीचा. आत्या पहिल्या चार पावलांनंतर थांबली, पदर नसूनही खोचल्यासारखं केलं आणि "मागे बघू नकोस, चल" असं मलाच बजावून पलीकडे गेली. पुढच्या सज्जातून ग्रोसग्लॉकनर दिसतो, ३७९८ मीटर, ऑस्ट्रियातलं सर्वांत उंच शिखर. आम्हाला तो दहा मिनिटं दिसला, मग ढगाने झाकला. दहा मिनिटं पुष्कळ झाली.

वरच्याच उपाहारगृहात जेवलो. शाकाहारी माणसाने ऑस्ट्रियात उपाशी राहण्याचं कारण नाही. कासनोकन मागवा. पिठाचे छोटे ओबडधोबड गोळे, त्यावर वितळलेलं उग्र वासाचं चीज आणि खरपूस तळलेला कांदा, आणि हे सगळं लोखंडी तव्यातच टेबलावर येतं. तव्याच्या कडेला चिकटलेलं करकरीत चीज आत्याने काट्याने खरवडून काढलं, आणि उरलेल्या कांद्यावर पिशवीतली लसणाची चटणी भुरभुरली. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी बोटाने विचारलं, तिने चिमूटभर दिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी पुन्हा हात पुढे केला.

केबलकारने खाली, आणि मग गाव. स्टेशनच्या पातळीवरून खालच्या जुन्या चौकात जायला पार्किंगच्या इमारतीतली लिफ्ट आहे. पाटी बारीक असते, त्यामुळे बरेच लोक जिन्यांनी धापा टाकत जातात. आम्ही लिफ्टने उतरलो आणि दार उघडताच आवाज आला. धबधबा गावाच्या बरोबर मधून, तीन टप्प्यांत, एकूण ३४१ मीटर कोसळतो. पुलावर उभं राहिलं की चष्म्यावर तुषार बसतात आणि बोलायचं तर ओरडावं लागतं.

गंमत अशी की गावाला जगवणारं पाणी हे नव्हे. धबधबा बर्फासारखा गार, आणि त्याच्याच आजूबाजूच्या उतारातून गरम पाणी बाहेर येतं. पावसाबर्फाचं पाणी डोंगरात खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि खडकातल्या भेगांमधून वर येतं. सतराएक झरे, दिवसाला पन्नास लाख लिटरच्या आसपास पाणी, तापमान ४७ अंशांपर्यंत. ज्वालामुखी बिलामुखी काही नाही. आमच्या कोकणातल्या कुंडांचं गणितही असंच, जमिनीत खोल जाऊन तापून आलेलं पाणी. फरक वासाचा. आत्याने ओंजळ नाकाशी नेली आणि म्हणाली, "अगं, गंधकाचा वासच नाही. हे कसलं गरम पाणी!" इथल्या पाण्यात गंधकाऐवजी रेडॉन आहे, आणि त्याला वास नसतो.

झरे उतारावर, म्हणून हॉटेलंही उतारावर, एकावर एक चढलेली. श्ट्राउबिंगर चौकात उभं राहून वर बघितलं की मान दुखते. १८६५ च्या ऑगस्टमध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियाने डेन्मार्ककडून जिंकलेल्या श्लेस्विग आणि होल्श्टाइन या प्रांतांच्या कारभाराची वाटणी केली तो गास्टाइनचा करार याच गावातला. प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क त्यासाठी इथे होता. वर्षभरात दोन्ही देश एकमेकांशी लढले, तेव्हा पाण्याने डोकी काही थंड केली नाहीत. जर्मनीचा सम्राट, कैसर विल्हेल्म पहिला, उपचारासाठी वरचेवर यायचा. १९०९ चं ग्रँड हॉटेल दे ल'युरोप अजूनही सगळ्या गावावर डोकं काढून उभं आहे. पुढे श्रीमंतांनी पाठ फिरवली, चौकातल्या इमारती वर्षानुवर्षं बंद राहिल्या, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. २०२३ मध्ये श्ट्राउबिंगर आणि शेजारचं बाडेश्लॉस ही दोन जुनी हॉटेलं डागडुजी होऊन पुन्हा उघडली. १९७४ चं काँक्रीटचं काँग्रेस केंद्र मात्र रिकामंच दिसलं. लोक त्याला कुरूप म्हणतात. मला ते आवडलं. एवढ्या नक्षीकामात कुणीतरी ठाम बोलणारं हवं.

तिथून कैसर विल्हेल्म प्रोमेनाडवर फिरलो. दिवसातलं आत्याचं सगळ्यात आवडतं ठिकाण हेच. रस्ता जवळजवळ सपाट, एका बाजूला देवदार, दुसऱ्या बाजूला कोत्शाख खोरं उघडत गेलेलं, कापलेल्या गवताचा वास, आणि थोड्या थोड्या अंतरावर बाकं. पूर्वी उपचाराला आलेल्यांना चालायला लावायचे, तेही उपचाराचाच भाग म्हणून, त्यामुळे असले सपाट रस्ते या गावात मुबलक आहेत. खोऱ्याच्या टोकापर्यंत गेलो नाही. दोनचार बाकं मोजली, बसलो, परतलो.

जवळच्याच बोकश्टाइन गावातल्या उष्ण बोगद्याबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते. १९४० च्या दशकात तिथे सोनं शोधायला बोगदा खणला. सोनं फारसं मिळालं नाही, पण कामगारांची सांधेदुखी कमी झाल्याचं लक्षात आलं. आज छोट्या आगगाडीने डोंगराच्या पोटात नेतात आणि ३७ ते ४१.५ अंशांच्या दमट हवेत झोपवतात. त्याआधी डॉक्टरची तपासणी लागते. शिवाय रेडॉन हा किरणोत्सारी वायू, घरात साठला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा. तिथे तो मोजून मापून, वैद्यकीय देखरेखीखाली वापरतात. आत्याला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. दिवसाच्या सहलीत उगाच हौस म्हणून तिला आत न्यायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. ती यावर फुरंगटली, ते वेगळं.

मग पुन्हा लिफ्टने वर, आणि स्टेशनच्या समोरच फेल्सनथेर्मे, म्हणजे गरम पाण्याचं स्नानगृह. इथली पद्धत नवख्याला गोंधळात टाकते. तिकीट तासांवर असतं. मनगटाला चिपचा पट्टा मिळतो. त्याच्यावरच फाटक, कपाट, आत घेतलेला चहा, सगळं चालतं, आणि हिशोब बाहेर पडताना होतो. कपडे बदलायच्या खोल्या बायका-पुरुषांना सामायिक असतात, पण प्रत्येक खोलीला आतून कडी आहे. आधी शॉवर, मगच पाणी. पोशाख पोहण्याच्याच कापडाचा हवा, सुती नको. आत्यासाठी मी लांब बाह्यांचा, पायघोळ पोहण्याचा पोशाख आणला होता, कुणी वळूनही पाहिलं नाही. सॉनाच्या विभागात मात्र अंगावर कपडा चालत नाही, आणि तशी पाटी दारावर असते. आत्याने पाटीवरचं चित्र नीट बघितलं, "बरं झालं, आपल्याला वाफ नकोच आहे" म्हणाली आणि कुंडाकडे वळली.

आतल्या कुंडाची एक बाजू म्हणजे तासलेला खडक. बाहेरच्या कुंडात गेलं की समोर ग्राउकोगेल डोंगर. पाणी कोमट, कोकणातल्या कुंडांसारखं चटका देणारं नाही. आत्याने यावरही नाराजी नोंदवली आणि पुढचा पाऊण तास कडेच्या बुडबुड्यांसमोर गुडघे धरून बसली. गुडघ्यांना आराम पडला का, म्हणून विचारलं. "पाण्यात पडतोच. बाहेर आल्यावर बघू."

केस वाळवायची यंत्रं भिंतीवर आहेत, ती वापराच. ओल्या डोक्याने डोंगरातल्या संध्याकाळी बाहेर पडू नये. रस्ता ओलांडला की फलाट. गाडीत तिने सकाळचे लाडू काढले आणि बोकश्टाइनच्या डॉक्टरची वेळ घ्यायला काय करावं लागतं, ते विचारायला सुरुवात केली.