इंची पाना वेगळा, एमएमचा वेगळा

घटस्थापनेआधी आमच्याकडे घर धुऊन निघतं, तशीच ट्रकमधली हत्यारांची पेटीही बाहेर निघते. खंडेनवमीला हत्यारं पुजायची तर ती स्वच्छ आणि पूर्ण हवीत, हा आण्णांचा दंडक. यंदा मी नुसती पुसपास केली नाही, पेटी मुळापासून लावली. तिच्यात दोन जमाने कोंबलेले होते. वरचा थर माझा, कारण माझा ट्रक, टाटाची १६१३, सगळी एमएमच्या म्हणजे मिलिमीटरच्या नटबोल्टांची. खालचा थर आण्णांचा. त्यांनी लेलँड कॉमेट चालवली, आणि त्या गाडीची मापं इंची.

रात्री कसारा घाटात टॉर्च तोंडात धरून पाना शोधताना दोन्ही थर एकच होतात. तिथेच चुकीचा पाना लागतो आणि नट मरतात, म्हणजे कोपरे झिजून गोल होतात.

इंची पान्यांतही दोन जाती आहेत, हे नव्या पोरांना कोणी सांगत नाही. एका जातीवर लिहिलेलं माप म्हणजे जबड्याचं अंतर. दुसरी विटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाची. तिच्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, जबड्याचा नाही. म्हणून १/४ विटवर्थ लिहिलेला पाना प्रत्यक्षात सुमारे १३.३ मिमी उघडा असतो. १३ च्या नटवर तो बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की कोपरे खातो. ११/१६ चा पाना म्हणजे १७.४६ मिमी, १७ च्या नटवर त्याची तीच गत. ३/४ चा मात्र १९.०५ मिमी, तो १९ च्या नटवर बिनधास्त चालवा. एकदा का नट गोल झाला की मग छिन्नी, नाहीतर गॅसकटर, आणि दहा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस.

म्हणून व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, घेऊन बसलो. छापलेल्या आकड्यावर न जाता प्रत्येक जबडा मोजला. आण्णा खाटेवर बसून एकेक पाना हातात घेत होते आणि मोजायच्या आधीच सांगत होते, "हा इंजिनच्या हेडचा. हा पाट्याच्या स्प्रिंगच्या यू-बोल्टचा, याला पाइप लावूनच आवळायचा." एमएमच्या पान्यांना पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा, इंचींना लाल. जबडा फाकलेले पाने सरळ भंगारात. फाकलेला पाना ठेवणं म्हणजे नट मारायची सोय ठेवणं.

"लाल पट्ट्यावाले विकू नको रे," आण्णा म्हणाले. विकणार नव्हतोच. विहिरीवरच्या जुन्या लिस्टर छापाच्या इंजिनाला तेच लागतात. ते आता तिथल्याच खोलीत खिळ्यांवर टांगले आहेत. माझं ठाम मत आहे की हत्यारं प्रकाराप्रमाणे लावू नयेत, काम जिथे होतं तिथे ठेवावीत. गाडीत फक्त रस्त्यावर लागणारं असावं: जॅक, व्हील पाना, तो फिरवायचा दांडा (टॉमी), पक्कड, टेस्टर, चाकाला लावायचे दोन ठोकळे, आणि ६-७ पासून २०-२२ पर्यंतचा आठ पान्यांचा सेट. माझा सेट टपारियाचा आहे, आमच्याच नाशिकच्या कारखान्यातला. ग्रीस पंप, उचललेली गाडी टेकवायच्या घोड्या, गोटी (सॉकेट) पाने, घट्ट बसलेले भाग ओढून काढणारा पुलर हे सगळं घरी. तीस किलो लोखंड घेऊन फिरायचं आणि त्यातून १३ चा पाना उपसायचा, यात काही अर्थ नाही.

गाडीतल्या सेटसाठी जुन्या ताडपत्रीची गुंडाळी शिवून घेतली, प्रत्येक पान्याला कप्पा. एक कप्पा रिकामा दिसला की निघण्याआधीच कळतं. गोणपाट वापरू नका. ते ओल धरतं आणि पावसाळ्यात हत्यारं आतल्या आत गंजतात. गंज काढायला डिझेल आणि तारेचा ब्रश पुरतो, वर तेलाचा हात. हातोड्यांचे दांडे बाभळीचेच ठेवले, पाचर नवी ठोकली.

पेटी लागली तशी त्याच आठवड्यात गाडीही कामाला घेतली. आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे सरकारी फिटनेस तपासणी, पण मी ग्रीसिंग पासिंगसाठी करत नाही. किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं त्या पिनेला, ग्रीस मारताना पुढचा एक्सल जॅकवर उचलून घोडीवर ठेवा आणि मागच्या चाकांना ठोकळे लावा. चाक जमिनीवर असताना पिनचा भार घेणारा भाग बुशला घट्ट चिकटलेला असतो, ग्रीस सोप्या वाटेनं निघून जातं आणि जिथे घासतं तिथे कोरडंच राहतं. पाट्याची स्प्रिंग चासीला जोडणाऱ्या शॅकलच्या पिनांचंही तसंच, फक्त तिथे एक्सल नाही, चासी उचलून भार काढायचा. मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसला चारही टोप्यांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारायचा. एखाद्या टोपीतून येत नसेल तर तो क्रॉस खोलायला झालाय.

ब्रेकच्या हवेच्या टाकीचं पाणी रोज सोडतो. कॉम्प्रेसर ओलसर हवा दाबतो, ती टाकीत थंड होते आणि पाणी तळाला साचतं. त्यात कॉम्प्रेसरचं तेल मिसळलं की चिकट गाळ होऊन व्हॉल्व्हपर्यंत जातो. पावसाळ्यात कांदा घेऊन वाशीला उतरलो की परतल्यावर कॉक उघडताच पाण्याची धार लागते. डिझेल फिल्टरखालचा स्क्रूही त्याच वेळी सैल करून पाणी काढायचं.

काही कामं मात्र घरी करायची नाहीत, आणि हे मी हात जोडून सांगतो. हँडब्रेकचा स्प्रिंग चेंबर खोलू नका. आत दाबलेली स्प्रिंग असते, ती सुटली की जीव घेते. लॉकरिंगचं, म्हणजे रिमवर लोखंडी कडीनं अडकवलेलं टायर पंक्चरवाल्याकडेच, तेही पिंजऱ्यात ठेवून हवा भरणाऱ्याकडे. चाक बदललं तर नट समोरासमोरचे आवळायचे, आणि ५० ते १०० किलोमीटरवर थांबून पुन्हा एकदा आवळायचे. हे माझ्या क्लीनरलाही पाठ आहे.

राहिलं ते डाव्या बाजूचं मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग. सील पाझरतंय आणि तेल ब्रेकच्या लायनरवर गेलं तर त्या चाकाचा ब्रेक गेला. हबनटचा मोठा बॉक्स पाना आमच्या पेटीत नाही. एका कामासाठी घ्यावा असं वाटत नाही, म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रींकडे लावायची ठरली आहे. सील, लायनर, ड्रम, सगळं एकदमच बघून घेणार.