माग रिकामा ठेवायचा नाही: या ताण्याची नोंद

घरच्या छोट्या हातमागावर मी हौसेनं विणते. ताणा म्हणजे मागावर चढवलेले उभे धागे. आधी सध्या मागावर काय आहे ते सांगते. २/२० चं (वीस नंबरचं, दोन पदरी) सुती सूत, ३६ नंबरची फणी (ताण्याचे धागे जिच्या घरांतून जातात आणि जिने ठोका देतात ती कंगव्यासारखी चौकट), पन्हा १४ इंच, एकूण ५०४ धागे. नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी एवढंच, की फणीचा हा नंबर म्हणजे दोन इंचांतली घरं. ३६ नंबर म्हणजे इंचाला १८ घरं, आणि एका घरात दोन धागे घेतले की इंचाला ३६ धागे. माग टेबलावरचा, चार वह्यांचा. वही म्हणजे ताण्याचे धागे उचलणारी चौकट. भरणी, म्हणजे धागे वह्यांत ओवायचा क्रम, सरळ, एक-दोन-तीन-चार. पांढरी जमीन, दोन्ही काठांना गडद लाल पट्टा. नॅपकिन विणते आहे.

काठ आता सरळ येतोय. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा सरळसोट न ओढता कमानीसारखा सैल टाकायचा आणि मग ठोका द्यायचा, म्हणजे त्याला ताण्याच्या वरखाली जायला पुरेशी लांबी मिळते आणि कड आत ओढली जात नाही. हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. हाताला ते वळण लागायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला.

या वेळी मला लिहायचंय ते मात्र विणण्याच्या आधीच्या दिवसांबद्दल. एक ताणा संपतो, कापड कापून काढतो, आणि माग रिकामा होतो. त्यानंतरचे ते दिवस. सूत घरात असतं, रंग ठरलेले असतात, रविवार मोकळा असतो, आणि तरीही आपण मागाजवळ जात नाही. कपाट आवरतो. आत्याला फोन करतो. संध्याकाळी स्वतःवर चिडतो.

बराच काळ मी याला आळस म्हणत होते. पण विणायला बसले की मला मागावरून उठवावं लागतं, आणि आळशी माणसाला कामावरून उठवावं लागत नाही. म्हणून मी लक्ष ठेवून पाहिलं, की मन नेमकं कुठे अडतं. विणताना ते कधीच अडत नाही. अडतं ते ताणा काढायच्या आधी. पाचशे धागे मोजायचे, एकेक करून वहीतून आणि फणीतून ओवायचे, आणि त्यात दिसायला काहीच तयार होत नाही. हात कामात आणि डोकं मोकळं असतं, आणि त्या मोकळ्या डोक्यात सगळे जुने आवाज येऊन बसतात.

माझ्या डोक्यातला सगळ्यात मोठा आवाज आईचा आहे. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो. गल्लीत घराघरांतून यंत्रमागाचा खडखडाट, आणि आई घरी बाण्याच्या सुताच्या कांड्या भरायची. पैसे नगावर. पाठ वाकलेली, बोटांना सुताने पडलेल्या चिरा, नाकातोंडात कापसाची धूळ. तिने आम्हा दोघी बहिणींना शिकवलं ते यातून बाहेर काढण्यासाठी. मी हिशेबाच्या नोकरीला लागले तेव्हा तिने गल्लीत पेढे वाटले. आणि आता मी पगाराच्या पैशातून माग आणला. तो पाहून ती म्हणाली, “ज्याच्यापायी माझी कंबर गेली, ते तू हौसेनं करूलालीस?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तो राग खोटाही नव्हता. धागा हातात घेतला की मला तिची पाठ दिसायची. मला हे आवडतं म्हणजे तिच्या कष्टांची मी किंमत ठेवत नाही, असं वाटत राहायचं. आवडत्या गोष्टीची लाज वाटणं फार वाईट. लाज वाटते म्हणून आपण ती लपून करतो, लपून करतो म्हणून ती वाढत नाही.

आज मला एवढं दिसतं, की आईचं भांडण मागाशी नाही, मजुरीशी आहे. नगामागे मिळणाऱ्या पैशांशी, आजारी असतानाही कांड्या भराव्या लागण्याशी. ते तिचं भांडण मला मान्य आहे आणि मी त्यात तिच्या बाजूने आहे. माझ्या मागावर कुणी नग मोजत नाही. हे तिला पटलेलं नाही. मी पटवणं सोडून दिलं आहे. ती घरी आली तरी आता माग चादरीने झाकत नाही, एवढा बदल झाला, आणि माझ्यासाठी तो काठ सरळ येण्यापेक्षा मोठा आहे.

दुसरा आवाज बाहेरचा वाटतो, पण तोही आतलाच. कशासाठी? १८७० च्या दशकात सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली, आणि सोलापुरी चादरीला, टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. अशा गावात नॅपकिन कुणाला कमी आहेत? नातेवाईक प्रेमानेच विचारतात, “विकायला का नाही काढत?” दिवसभर हिशेब करणाऱ्या माझ्यासारखीला हा प्रश्न फार लवकर चिकटतो. तासाला किती, सुताला किती, मग नगाला किती. एकदा तो हिशेब डोक्यात सुरू झाला की बाण्याचा धागा नेणारा धोटा टाकण्यातली मजा जाते, आणि मग खरंच वाटायला लागतं की हे परवडत नाही. मी ठरवलं की निदान सध्या विकायचं नाही. मागाची डायरी आहे, तिच्यात धागे, फणी, लांबी, धुण्याआधीचं आणि नंतरचं माप आहे. रुपयांचा रकाना नाही. ज्यांना विकायचं आहे त्यांनी जरूर विकावं. पण आवड आधी आपल्यात रुजू द्यावी असं माझं मत आहे.

तिसरा आवाज तुलनेचा. इथे हातमागावर इरकली साड्या विणणारे, भिंतीवर लावायची चित्रं विणणारे कारागीर आहेत. त्यांच्यापुढे माझी साधी वीण काय? या आवाजाचं मी फार काही करत नाही. त्यांचं काम बघायला जाते, मन भरून बघते, आणि परत येऊन माझी साधी वीण विणते.

आता खरी कामाची गोष्ट. आमच्या ओळखीचे एक म्हातारे विणकर आहेत. आयुष्यभर खड्डा मागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून बसायच्या मागावर, साड्या विणल्या, आता डोळ्यांमुळे बंद. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मी ताणा चढवायची टाळाटाळ करते हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी समजूत घातली नाही, उलट विचारलं, “ताई, जुना ताणा पूर्ण काढता कशाला?”

विणकर ताणा शेवटपर्यंत ओढून काढत नाहीत. कापड कापतात, पण वही-फणीत ओवलेली जुन्या धाग्यांची टोकं तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना जोडतात. मग सगळ्या गाठी हलक्या हाताने वही-फणीतून पुढे ओढून घेतल्या की माग तयार. पुन्हा ओवायचं नाही. त्यांच्याकडे त्याचं कारण पोटाचं होतं. माग थांबला की चूल थांबते. माझ्याकडे कारण मनाचं आहे. माग रिकामा असला की सुरुवात करावी लागते, आणि सगळे आवाज सुरुवातीलाच येतात. टोकं फणीत लटकत असली की सुरुवात करायची उरत नाही, फक्त पुढचा धागा जोडायचा असतो. आज वीस जोडले, उद्या चाळीस. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतही होतं.

हा ताणा मी असाच जोडला. जोडतानाही आईचा आवाज आलाच. पण हातात एक धागा होता आणि समोर त्याचं टोक होतं, त्यामुळे आवाज चालू असतानाच गाठ मारली गेली. आवाज बंद व्हायची वाट बघायची गरज नाही, हे मला त्या गाठींनी शिकवलं.

यात तोटा आहे, तोही सांगते. धाग्यांची संख्या, फणी आणि भरणी तीच राहते. नवा पन्हा किंवा नवी भरणी हवी असेल तर सगळं पुन्हा ओवावं लागतं. पण सरळ भरणीवर करण्यासारखं पुष्कळ आहे. एक-तीन आणि दोन-चार उचलल्या की साधी वीण. एक-दोन, दोन-तीन, तीन-चार, चार-एक अशा क्रमाने उचलल्या की ट्विल, म्हणजे तिरप्या रेघांची वीण, आणि तोच क्रम अधूनमधून उलटा केला की नागमोडी नक्षी. ताण्याचे रंग तर प्रत्येक जोडणीला बदलता येतात. मला हे पुढची बरीच वर्षं पुरेल.

उन्हाळ्याबद्दल थोडं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि हवा इतकी कोरडी होते की सुती धागा पटापट तुटतो. सूत दमट असलं की जास्त ताकदवान असतं. मी सकाळी लवकर विणते, मागाशेजारी ओला पंचा टांगते. ताणा रात्रभर ताणलेला ठेवत नाही, उठताना ताण धरणाऱ्या दातेरी चाकाचा एक दात सैल करते. पंख्याचा वारा थेट ताण्यावर येऊ देत नाही.

पुढचा बेत: याच टोकांना निळा आणि हळदी रंगाचा ताणा जोडायचा, जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आधी विणून संपवायचा, आणि त्यातला एक नॅपकिन मामांना द्यायचा. एक अडचण आहे. २/२० च्या गाठी फणीच्या घरातून ओढताना काही अडकतात. गाठीऐवजी दोन टोकांना नुसता पीळ देऊन बघितलं का कुणी? थोडी खळ लावून पिळलं तर धरतं का, की ओढताना सुटतं? करून पाहिलं असेल तर सुताचा नंबर आणि फणी दोन्ही कळवा.